कारखान्याबाहेरचा श्रावण

पावसाळा मला आवाजावरून माहीत होता. लग्न होऊन पेणला आले तेव्हापासून आषाढ आणि श्रावण हे दोन्ही महिने मी आमच्या गणपतीच्या कारखान्यात, पत्र्याखाली, बल्बच्या उजेडात काढले. बाहेर तो कोसळतोय की नुसता भुरभुरतोय हे पत्रा सांगायचा. आमच्याकडे पावसाची चौकशी होते ती एकाच कारणाने, माती वाळणार की नाही. शाडूची मूर्ती आतून ओली राहिली की रंग धरत नाही, मग शेगड्या पेटवा, पंखे लावा, आणि जो तो दुसऱ्याला ओरडतो की दार लाव, दमट हवा आत येतेय. लोकांना श्रावण म्हटलं की काय काय सुचतं. आम्हाला धुराने चुरचुरणारे डोळे आठवतात.

कारखाना म्हणजे फार मोठं काही समजू नका. घरामागची पडवी वाढवून केलेली लांब खोली, दोन्ही बाजूंना फळ्यांच्या मांडण्या, मध्ये चालायला वाट. पेणमध्ये अशा खोल्या गल्लीगल्लीत आहेत. आमचे हे माती आणि साचे बघतात, अंगाचा रंग स्प्रे गनने मारायला दोन कारागीर येतात, आणि आखणी माझी. आखणी म्हणजे डोळे. मूर्तीचं पीतांबर, दागिने, सोंड, सगळं होऊन गेल्यावर सर्वांत शेवटी डोळे, आणि तेही एकदाच. रेघ चुकली तर पुसता येत नाही, पुसायला गेलं की खालचा अंगरंग निघतो. मग अख्खा चेहरा पुन्हा रंगवायचा आणि पुन्हा वाळण्याची वाट बघायची. म्हणून हे काम घरात एकाच हाताकडे असतं. सासूबाईंचा हात थरथरायला लागला तेव्हा त्यांनी तो बारीक ब्रश माझ्याकडे दिला, आणि त्या दिवसापासून श्रावणात मी घराचा उंबरा ओलांडला नाही.

माझ्या थोरल्या नणंदेला हे मान्य नव्हतं. वन्सं रोह्याला असतात. प्राथमिक शाळेतून निवृत्त झाल्यावर त्या एका बागेच्या नादाला लागल्या. रोह्याच्या बाहेर, डोंगराच्या उतारावर, काही हौशी मंडळींनी जपलेली ती बाग आहे. बाग म्हणायचं खरं, पण हिरवळ, कारंजी, झोपाळे असलं तिथे काही नाही. नुसतं जंगल, आणि त्यातून फिरणारी दगडी पायवाट. झाडांच्या पायाशी पत्र्याच्या पाट्या, मधून ओढा, खाली रोपवाटिका. वन्सं रोज सकाळी तिथे जातात, शाळांच्या सहली आल्या की मुलांना फिरवतात, आणि गणपतीला माहेरी आल्या की मला ऐकवतात.

"अगं, या बागेत यायचं ते श्रावणात. कळलावी फुलते तेव्हा. तू गौरीला वाहतेस ना ती? बाजारात जुडी मिळते ती मेलेली असते. वेलावर बघ एकदा."

"वन्सं, श्रावणात मी कशी येणार?"

"मग काय उपयोग तुझा," असं म्हणून त्या करंजी उचलायच्या. दर वर्षी हेच.

गेल्याच्या गेल्या वर्षी मात्र गणपती उठले, कारखाना धुऊन झाला, आणि मार्गशीर्षात एका सकाळी मी ह्यांना म्हटलं, मी रोह्याला जाऊन येते. श्रावण नाही तर नाही, बाग तर बघू. सकाळच्या गाडीत बसले. नागोठणं गेलं, निडी गेलं, आणि मला शाळेच्या सहलीला निघाल्यासारखं वाटायला लागलं. पन्नाशी उलटलेली बाई, मांडीवर डबा घेऊन खिडकीतून वाकून बघतेय.

मार्गशीर्षात फुलं नव्हती. वन्सं माफी मागितल्यासारख्या सांगत होत्या की आता काही नाही, आता सगळं झोपलंय. पण मी कुठे फुलं बघत होते? चढाच्या वळणावर एक झाड उभं होतं, पांढरट, गुलाबी झाक असलेलं, उघडंबोडकं, आणि त्याची साल इतकी गुळगुळीत की मी सरळ जाऊन तिच्यावरून हात फिरवला. वरून खाली, आमच्याकडे घासून झालेली मूर्ती तपासतात तसा.

"हिला पॉलिश पेपर कुणी मारला?" मी विचारलं.

वन्सं हसत सुटल्या. पाटीवर कांडोळ लिहिलं होतं. मी मात्र मनापासून विचारलं होतं. एक मूर्ती अशी गुळगुळीत करायला आमच्याकडे दिवस जातो, आणि हे झाड फुकट तसं उभं होतं. मग मला चेवच आला. प्रत्येक खोडाला हात लावत सुटले. सागाची साल खरखरीत, ऐनाची सुसरीच्या पाठीसारखी तडकलेली, कुणाचे पापुद्रे निघतायत, कुणावर पांढरे डाग. परतीच्या गाडीत माझे तळवे काळे झाले होते आणि मी फार खुशीत होते. घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, काय बघितलंस? मी म्हटलं, साली. 

फाल्गुनात पुन्हा गेले. खरं तर तेव्हा कारखान्यात साच्याचं काम जोरात असतं, पण आखणीवालीला सुट्टी असते, आणि मी ती सुट्टी पहिल्यांदाच सुट्टीसारखी वापरत होते. पायवाटेने वर गेलो आणि ओढ्याच्या पलीकडे मला लाल दिसलं. फुलं नव्हती ती. अख्ख्या झाडाची पानंच लाल, डाळिंबी, आणि इतकी चकचकीत की नुकताच रंगाचा हात मारून कुणीतरी गेलंय असं वाटावं. वन्सं फांदी वाकवायला पुढे झाल्या आणि माझ्या तोंडून गेलं:

"वन्सं, हात लावू नका, ओलं आहे."

त्या थांबल्या. माझ्याकडे वळून बघितलं. मग मलाही कळलं मी काय बोलले ते. कुसुंबाची कोवळी पालवी होती, रंग वगैरे कुणी मारला नव्हता. पण मी इतकी वर्षं दिवसातून किती तरी वेळा हेच वाक्य बोलत आलेय. कारागिरांना, पाहुण्यांना, मूर्ती बघायला आलेल्या पोरांना, मांजरालासुद्धा. चकचकीत दिसलं की माझी जीभ आपोआप वळते. रोपवाटिकेत काम करणाऱ्या एका बाईने हे ऐकलं, ती पिशव्यांत माती भरता भरता हसली आणि म्हणाली, "पेणची ना गो तू? मग बराबर हाय."

त्या दिवशी हसून हसून माझं पोट दुखलं. पण पान हातात घेतलं तेव्हा एक गोष्ट मनात रुतली. माझ्यासाठी ओलं म्हणजे लांब राहा. ओलं म्हणजे काम अडलं. आणि या बागेत सगळ्यात सुंदर महिना कुठला, तर सगळं ओलं असतं तो. मी तो बघितलाच नाही. पत्र्याखाली बसून आवाज ऐकला.

चैत्रात अंजनी फुलली तेव्हा निर्णय झाला. अंजनीच्या काड्यांना, अगदी खोडापासून, निळ्या रंगाचे झुपके फुटले होते. आमच्याकडे मोरपंखासाठी निळा बनवताना तीन डबे उघडावे लागतात, आणि इथे तो निळा झाडाच्या अंगातून आपोआप बाहेर पडलेला. मी खाली बसून बघत होते, आणि वन्सं पाठीमागे उभ्या राहून म्हणाल्या, "हे काहीच नाही. श्रावणात ये."

"येते," मी म्हटलं.

म्हटलं खरं. घरी येऊन रात्रीच्या जेवणाला हे सांगितलं तेव्हा ह्यांचा घास हातातच राहिला. "श्रावणात? आणि डोळे काय मी आखू?"

"सुनेला शिकवते."

सून पानात भात वाढत होती, तिचा हात थांबला. ती वडखळच्या पलीकडच्या खाडीकाठच्या गावातली. मुलाने स्वतः पसंत करून आणलेली. मुलगा नागोठण्याला कंपनीत शिफ्टमध्ये, त्याला मातीत कधी रस नव्हता. ही मात्र आल्यापासून कारखान्यात रमलेली. घासायची, अंगरंग द्यायची, पण डोळ्यांजवळ ती कधी आली नव्हती आणि मीही तिला बोलावलं नव्हतं. त्यात काही वाईट नव्हतं. माझा हात अजून स्थिर होता, मग बोलावायचं कशाला? आमच्या घरात ब्रश हात थरथरल्यावर द्यायची रीत. हात चांगला असताना दुसऱ्याला देऊन बागेत फिरायला जायची रीत नव्हती.

"मला जमंल?" तिने विचारलं.

"जमवायचं. मला जायचंय," मी म्हटलं. इतकं स्वार्थी वाक्य मी त्या घरात पहिल्यांदाच बोलले, आणि बोलून मला बरं वाटलं.

शिकवणी सुरू झाली. आधी पाटीवर. पाटीवर तिचे डोळे छान यायचे, पण पाटी सपाट आणि गणपतीचा चेहरा गोल. गोलावर रेघ वळवताना मनगट कुठे वळवायचं ते सांगून कळत नाही. डागी मूर्त्या होत्या त्या चारआठ दिवसांत संपल्या. मग वैशाखात मी बागेत गेले. तामण जांभळं झालं होतं, बहाव्याखाली पिवळा सडा पडला होता, आणि ओढ्याजवळच्या बेलाखाली फळं पडली होती. गोल, टणक, गुळगुळीत. मी एक उचललं, हातात फिरवलं, आणि मला गणपतीचा गाल दिसला.

"वन्सं, ही नेली तर चालतील?"

"सरबत करणार?"

"आधी डोळे काढणार."

वन्संनी तिथल्या मंडळींना विचारलं, आणि गोणीभर बेलफळं घेऊन मी गाडीत बसले. पुढचे कित्येक दिवस आमच्या घरात बेलफळांना डोळे फुटत होते. सून सकाळी स्वयंपाक आटपून बसायची. आधी पांढरा, मग बुबुळ, वरच्या पापणीची रेघ, भुवई, आणि अगदी शेवटी बुबुळातला तो पांढरा ठिपका, जो पडला की मूर्ती बघायला लागते. सुरुवातीची फळं घाबरलेली दिसायची. मग काही रागावलेली. एक तर सरळ डोळा मारत होतं, ते आम्ही खिडकीत ठेवलं. हे पहाटे पाणी प्यायला उठले तेव्हा ओट्यावर ओळीने मांडलेल्या बेलांनी त्यांच्याकडे बघितलं, आणि ते पाणी न पिता परत आले. मुलगा शिफ्टवरून आला की आधी विचारायचा, आज कोण बघतंय? इतकं हसू आमच्या कारखान्यात मी ऐकलं नव्हतं. आणि आषाढ लागेपर्यंत बेलफळं शांतपणे बघायला लागली.

श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात तिने खऱ्या मूर्तीवर ब्रश टेकवला. लहान मूर्ती, घरगुती. मी बाजूला बसले, तिच्याइतकीच घामाने भिजलेली. डोळे बरे आले. माझ्यासारखे नव्हते, पण बरे होते. मग दुसरी, तिसरी. मी तिला लहान मूर्त्या दिल्या आणि मोठ्या माझ्याकडे ठेवल्या. त्यांत सगळ्यांत मोठी मूर्ती माझ्या खास जिवाची होती, घरात तिला आम्ही नुसतं 'मोठा' म्हणतो. अलिबागच्या वाटेवरच्या एका घरी ती जाते, वर्षानुवर्षं. त्या घरातल्या आजी मूर्ती घेताना आधी डोळे बघतात आणि मगच पदर पुढे करतात. त्यांचा गणपती पहिल्यापासून माझ्याच हातचा.

त्यांचा टेम्पो बुधवारी सकाळी यायचा होता. मी हिशेब मांडला. सोमवारी सकाळी बागेत जायचं, संध्याकाळी परत. मंगळवारी सकाळी मोठ्याचे डोळे, मग दिवसभर आणि रात्रभर वाळायला. पावसात डोळ्यांच्या रंगाला तेवढा वेळ लागतोच. ह्यांनी हिशेब ऐकला आणि म्हणाले, "अंबेला विचारलंस का?" अंबा म्हणजे नागोठण्याची नदी. ती भरली की तिकडची वाट बंद. मी म्हटलं, एक दिवस तर जातेय, नदी काय माझीच वाट बघतेय? सुनेला सांगितलं, "मोठ्याला हात लावायचा नाही. मी येतेय." ती म्हणाली, "नाय लावत."

आणि मी श्रावणात घराबाहेर पडले. काय सांगू, पेण स्टेशनवर छत्री उघडताना मी दोनदा मागे वळून बघितलं. कुणीतरी मागून हाक मारील आणि मला परत नेईल असं वाटत होतं. गाडी सुटली तेव्हा कुठे श्वास सोडला.

बागेच्या फाटकातून आत गेले आणि मला माझी बाग सापडेना. मार्गशीर्षातली वाट, फाल्गुनातली उघडी चढण, सगळं गायब. खोडं दिसतच नव्हती, त्यांच्यावर शेवाळ चढलेलं, शेवाळावर नेचे, नेच्यांवर थेंब. माझं ते पॉलिश केलेलं कांडोळ पानांनी एवढं भरलं होतं की मी पाटी वाचून ओळखलं. ओढा तर बोलूच देत नव्हता, वन्सं कानाशी तोंड आणून ओरडत होत्या. वाटेच्या कडेला चवराची गुलाबी कणसं जमिनीतून वर आलेली, पेव्याची पांढरी फुलं, आणि दगडावर एक खेकडा आमच्याकडे बघून आडवा पळाला. मी प्रत्येक गोष्टीजवळ थांबत होते. वन्सं म्हणाल्या, अगं पुढे चल, ती वर आहे. मी म्हटलं, थांबा हो, मला सगळं बघू दे, मला परत कधी सोडतील कोण जाणे.

आणि मी हात लावत होते. शेवाळाला, पानांना, दगडांना, साठलेल्या पाण्याला. बोटं दाबली की शेवाळातून पाणी निघायचं आणि हात उचलला की ते परत फुलायचं. काही बिघडत नव्हतं. इतक्या वर्षांत ओल्या वस्तूला हात लावून काही न बिघडण्याचा माझा तो पहिलाच दिवस. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तेही त्या पावसात कुणाला दिसलं नाही.

कळलावी वरच्या कुंपणाशी होती. एका झुडपावर चढलेली, पानांच्या टोकांनी फांद्यांना धरलेली. बाजारातली जुडी मी जन्मभर बघितली होती, मान टाकलेली, एकाच विटक्या लाल रंगाची. इथे एका वेलावर चार रंगांची फुलं होती. नुकतं उमललेलं हिरवट, त्याच्या शेजारचं पिवळं, मग टोकाला शेंदरी आणि बुडाशी पिवळं, मग पूर्ण लाल. पाकळ्या मागे वळलेल्या, कडा लाटेसारख्या दुमडलेल्या. आमच्याकडे पिवळ्यातून लाल काढायला गनवाला कारागीर श्वास रोखून उभा राहतो, आणि तरी मधे कुठेतरी पट्टा दिसतोच. इथे पट्टा नव्हता. कुठे पिवळं संपलं आणि कुठे लाल सुरू झालं ते मी नाक लावून शोधलं आणि मला सापडलं नाही.

"म्हणून याला गौरीचे हात म्हणतात," वन्सं म्हणाल्या. "बोटं बघ."

बघत होतेच. मी तिथे किती वेळ उभी होते मला माहीत नाही. वन्संनी माझ्या डोक्यावर त्यांची छत्री धरली होती, कारण माझी मी कधी मिटून खाली ठेवली ते मला कळलंच नव्हतं.

दुपारी पाऊस वाढला. आम्ही खाली येईपर्यंत ओढ्याचा रंग बदलला होता, आणि रोह्यात पोचतो तोच कळलं की नागोठण्याला अंबा वर आली, रस्त्यावर पाणी, गाड्याही थांबवल्या. वन्संच्या घरी ओल्या साडीत बसून मी मुलाला फोन लावला. तो कंपनीतच अडकला होता, म्हणाला, आई, आज विसर. उद्याही सकाळी सुटेलसं वाटत नाही.

पदर पिळत मी हिशेब पुन्हा मांडला. मंगळवारी संध्याकाळी पोचले तर मोठ्याचे डोळे कधी आखू आणि ते वाळणार कधी? बुधवारी सकाळी टेम्पो दारात. त्या आजी टेम्पोबरोबर स्वतः येतात. बिनडोळ्यांचा गणपती त्यांच्यापुढे ठेवू, की ओल्या डोळ्यांचा?

तिन्हीसांजेला मी घरी फोन केला. सुनेने उचलला. मागे पत्रा वाजत होता, आमचाच, मला ओळखू आला.

"आई, तुमी बऱ्या हाव ना? ह्यांनी सांगितलं नदीचं."

"मी बरी आहे. लहान झाले?"

"झाले सगळे. मोठ्याचं काय करू?"

वन्सं समोर चहा घेऊन उभ्या होत्या. मला सुनेला खूप काही सांगायचं होतं. की त्या मूर्तीची मान थोडी डावीकडे आहे, म्हणून उजवा डोळा आधी घे. की पापणीची रेघ आतून बाहेर ओढ, बाहेरून आत नको. की तिथे बसताना सासूबाई एक घोट पाणी प्यायच्या आणि मीही पिते. हे सगळं ओठांवर आलं. आणि त्याच्याखाली दुसरंच काहीतरी होतं, ते मी स्वतःशी लपवणार नाही. मला वाटत होतं, नको. माझा आहे तो.

"कर," मी म्हटलं. "उद्या सकाळी, उजेड आला की."

"व्हय," ती म्हणाली. "पाणी पिऊन बसते." आणि फोन ठेवला. मी तिला ते सांगितलं नव्हतं. ती बघत आली होती.

मंगळवारी दुपारनंतर पाणी उतरलं. पेणला पोचले तेव्हा संध्याकाळ होती, कारखान्यात बल्ब लागले होते. हे दारात होते, ते बाजूला झाले. चप्पल काढून मी तशीच आत गेले. मोठा गणपती खोलीच्या टोकाला, दोन्ही बाजूंना पंखे लावून ठेवलेला. त्याच्यासमोर सून, हात मांडीवर, नवी नवरी बसते तशी.

मी बघितलं. मी आखलेले डोळे खाली बघतात, पायाशी बसलेल्या माणसाकडे. सासूबाईंचेही तसेच होते. हा गणपती खाली बघत नव्हता. तो समोर बघत होता, दाराकडे, कुणीतरी आत्ताच आलं आणि त्याला आनंद झाला तसा. दोन्ही बुबुळं एका रेषेत, पापणीची रेघ एका श्वासात ओढलेली. फक्त डाव्या डोळ्याच्या खालच्या कडेला, अगदी केसाएवढं, मला वाटलं, थोडं उतरायला हवं होतं. अगदी थोडं. आणि माझा उजवा हात आपोआप वर गेला, तर्जनी पुढे करून, जशी ती वर्षानुवर्षं जात आली आहे.

"आई," सून हळूच म्हणाली, "हात नका लावू. ओलं हाय."

हात हवेत तसाच राहिला. बोटांना अजून बागेतल्या शेवाळाचा वास होता. मला एकदम खूप बरं वाटलं, आणि त्याच वेळी काहीतरी माझ्या हातून गेलं असंही वाटलं. दोन्ही खरं होतं. मी हात मागे घेतला आणि पदरात गुंडाळून ठेवला.

तिने उठून मला तिच्या स्टुलावर बसवलं, जिथे बसून ती आल्यापासून मूर्त्या घासायची, आणि स्वतः माझ्या जागेवर बसली. पंखे फिरत होते. पत्र्यावर पाऊस पडत होता.

"सकाळपर्यंत वाळंल," ती म्हणाली. "तोपर्यंत बागेचं सांगा."